तिवराच्या पानातलं पाखरू

भाईंदर बघायला म्हणून कोणी जात नाही. तिथे माणसं राहायला जातात, नाहीतर राहणाऱ्यांकडे जातात. मी मात्र एक पान बघायला गेलो, आणि तेही दोनदा. पहिल्यांदा अठ्ठ्याऐंशी साली, दुसऱ्यांदा नऊ वर्षांनी, सत्त्याण्णवच्या डिसेंबरात. पहिल्या प्रवासाबद्दल मी बऱ्याच जणांना सांगितलंय, आणि त्यातली मुख्य गोष्ट खोटी सांगितलीये. दुसऱ्या प्रवासाबद्दल विभागाबाहेर आजवर कोणाला काही सांगितलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात लॅब असिस्टंट. नळ्या धुणे, टाचण्या लावणे आणि चिठ्ठ्या लिहिणे ही माझी कामं. पेटीतल्या प्रत्येक किड्याच्या टाचणीला खाली नखाएवढी चिठ्ठी असते. कुठे सापडला, कुठल्या झाडावर, कधी, आणि कोणी गोळा केला किंवा पाळला. माझं अक्षर बारीक आणि रेखीव, म्हणून विभागातल्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्या हातच्या.

तुमच्या परसात लिंबू असेल तर त्याच्या कोवळ्या पानावर गोगलगाय फिरून गेल्यासारखी चंदेरी नागमोडी रेघ तुम्ही पाहिली असेल. शेतकरी तिला नागअळी म्हणतात. ती रेघ पानावर नसते, पानात असते. पानाची वरची साल आणि खालची साल यांच्यामध्ये, कागदाइतक्या जागेत, एक चपटी अळी खात खात पुढे सरकत असते. मोठी झाली की पानाची कड दुमडून आत कोष करते आणि त्यातून पतंग निघतो. तांदळाची कणी असते ना, तेवढा. भिंगाखाली धरला की मात्र चांदीचा वर्ख लावल्यासारखा दिसतो, आणि पंखांच्या टोकाशी केशरी रेघा आणि एक काळा ठिपका. या पतंगांचं सगळं कुटुंबच असं आहे, पानात जन्मणारं. कोणाचं लिंबू, कोणाचा आंबा, कोणाचं जांभूळ. आमच्या विभागप्रमुख सरांना हवा होता तो तिवरावरचा, म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या खारफुटीच्या झाडावरचा. त्यासाठी मला भाईंदरला धाडलं, कारण माझी धाकटी बहीण कुमुद तिथे राहते.

काशीमीरा

गुजरातकडे जाणारी बस ठाण्यावरून घोडबंदर रोडने येते आणि काशीमीऱ्याच्या नाक्यावर सोडते. सत्त्याण्णवच्या डिसेंबरात मी तिथे उतरलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. ट्रकांच्या रांगा, टायरवाल्यांची दुकानं आणि एका हॉटेलाबाहेर लाकडी बाकं. साताऱ्यात या दिवसांत कानटोपी लागते. इथे मी स्वेटर काढून हातावर घेतला. चहात पुदिना होता. चांगला की वाईट हे ठरायच्या आत संपला.

रिक्षावाल्याला मी मराठीत पत्ता सांगितला, त्याने हिंदीत परत विचारला. आम्ही दोघेही मराठी निघालो हे गोल्डन नेस्टच्या चौकापुढे कळलं.

"पाव्हणे, आधी बोलायचं ना," तो म्हणाला.

"मी मराठीतच बोललो की."

"हां, पण सवय नाय राहिली हो."

माझ्याजवळ एक पिशवी होती. तीत काचेच्या रिकाम्या नळ्या, भिंग, आणि कुमुदसाठी कंदी पेढे. आणि एक ओझं होतं, ते पिशवीत मावणारं नव्हतं.

सर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या मॅडम तरुण, कामाला वाघीण. जुन्या पेट्या तपासताना त्यांनी तिवराचे पतंग पाहिले आणि मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "कदमकाका, हे पाळणं फार अवघड असतं. खारं पान नळीत टिकतच नाही. तुम्ही कसं जमवलंत? मला ताजे हवेत, पुन्हा पाळून आणाल?" मी हो म्हणालो. चिठ्ठीवर माझंच नाव होतं ना. पाळणारा, कदम.

ते मी पाळले नव्हते.

जेसल पार्क

अठ्ठ्याऐंशीत जेसल पार्कातल्या कुमुदच्या बिल्डिंगीपासून खाडीपर्यंत मधे काही नव्हतं. चाळीतली खोली सोडून ती आणि तिचा नवरा इथे आले तेव्हा मी तिला म्हणालो होतो, कुठे चिखलात जाऊन पडलात. ती म्हणाली होती, "दादा, दोन खोल्या आणि गॅलरी आहे. चिखलाचं काय, तो वाळतो."

त्या वेळी आठ दिवस मी खाडीवरून तिवराच्या फांद्या आणत होतो. पान नळीत घालायचं, कापसाचा बोळा लावायचा, अळीची वाट बघायची, ही आमची कॉलेजची रीत. पण तिवराचं पान मीठ बाहेर टाकतं. जिभेला लावलं तर खारट लागतं. बंद नळीत ते मीठ ओल धरायचं, पान काळं पडायचं, आत अळी मरायची. साठ नळ्या लावल्या, साठ मेल्या. शेवटी मी उरलेल्या फांद्या तिच्या मोरीपाशी टाकल्या आणि साताऱ्याला निघून गेलो.

पंधरा दिवसांनी तिचं पत्र आलं. "दादा, तुझी पाखरं निघाली. लवकर ये, जिग्नाबेन सोडून द्या म्हणतेय."

तिने काय केलं होतं सांगतो. आमची आई पान खायची. विड्याची पानं ती पितळी डब्यात ठेवायची. देठं एकीकडे, खाली ओलं फडकं, वर ओलं फडकं. रोज सकाळी डबा उघडून एकेक पान पुसायची, उलटून ठेवायची, डागाळलेलं काढून टाकायची. कुमुदने तिवराची पानं तशीच ठेवली, त्याच डब्यात. आई गेल्यावर तो डबा तिच्याकडे आला होता. रोज पुसल्यामुळे मीठ निघून जायचं, पान हिरवं राहायचं. कड दुमडलेली पानं ती वेगळी काढायची, बरणीत ठेवून तोंडाला वॉयलचं कापड बांधायची. आम्ही दोन वर्षं पुस्तकं चाळत होतो, आणि हिने हे स्वैपाक करता करता केलं.

जिग्नाबेन म्हणजे तिची शेजारीण. जैन. पतंग टाचणीला लावणार हे कळल्यावर ती दारात येऊन उभी राहिली होती. "कुमुदबेन, जीव छे." त्यावर कुमुदने तोडगा काढला: एक दादाचा, एक खाडीचा. निघालेल्या बावीसातले अकरा तिने स्वतः चालत जाऊन तिवरावर सोडले. अकरा मला दिले; पत्र मिळताच ते आणायला मी एका दिवसासाठी धावत गेलो होतो, ती खेप पहिल्याच प्रवासातली धरतो.

निघताना तिने विचारलं, "दादा, तिथे नाव लिहितात ना? कोणी पाळलं त्याचं?"

"लिहितात."

"माझं लिहिशील?"

"लिहीन की."

कॉलेजात पेटी उघडली तेव्हा सर खुर्चीतून उठले. बारा वर्षांत ते माझ्यासाठी पहिल्यांदा उठले. सगळ्या विभागाला हाक मारून म्हणाले, "बघा, आपल्या कदमांनी पाळलेत." मला कोणी विचारलं नाही. मीही काही बोललो नाही. मग चिठ्ठ्या लिहायला बसलो. माझ्या बहिणीने, आठवी शिकलेल्या बाईने, पानाच्या डब्यात हे केलं, असं सांगायची मला लाज वाटली. आणि सर उठले होते ते आवडलंही होतं. अकरा चिठ्ठ्यांवर मी माझं नाव लिहिलं. फार सुरेख अक्षरात.

कुमुदने पत्रातून विचारलं, लिहिलंस का? मी उत्तर पाठवलं, लिहिलं.

तर आता नऊ वर्षांनी मी तिच्या दारात उभा होतो. समोर बिल्डिंगी झाल्या होत्या, खाडी गॅलरीतून दिसत नव्हती. कुमुदने दार उघडलं, पिशवी घेतली आणि आत बघून जिग्नाबेनला म्हणाली, "हा माझा भाऊ. याच्या कॉलेजात माझं नाव लावलंय, ते सांगते ना मी तुम्हाला."

"हां हां, पतंगियावाला भाई," जिग्नाबेन म्हणाली.

मी पेढ्यांचा पुडा सोडत बसलो. गाठ सुटायला फार वेळ लागला.

घोडबंदर

जवळच्या खाडीकाठी भराव पडला होता, तिवर होता पण फांद्या तुटलेल्या, कोवळी पालवी नव्हती. नागअळी लागते कोवळ्या पानाला. कुमुद म्हणाली, घोडबंदरला जाऊ, किल्ल्याखाली भरपूर आहे. पुऱ्या आणि बटाट्याची भाजी डब्यात घेऊन आम्ही दोघं बसने निघालो. तिचा नवरा विलासराव कामाला गेलेला. जाताना म्हणाला, "भावाबहिणीची सहल आहे, मला नका धरू त्यात."

घोडबंदरला खाडी रुंद आहे. पाणी उतरलेलं, चिखल उन्हात चकाकत होता आणि त्यावर निवट्या उड्या मारत होत्या. निवटी म्हणजे चिखलावर चालणारा मासा. आमच्या साताऱ्याकडच्या माणसाला हे सांगून पटत नाही, मासा चालतो म्हणून. मी त्यांच्याकडे बघत एक पाऊल पुढे टाकलं आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. पाय काढला, चप्पल आतच राहिली.

निवट्या पकडणारी एक म्हातारी हे बघत होती. हिराबाय तिचं नाव, गावातलीच. ती सरळ चालत आली, कोपरापर्यंत हात चिखलात घातला आणि चप्पल काढून माझ्या हातात दिली.

"काय शोधताव?"

"तिवराची पानं," मी म्हणालो.

"बकऱ्यांना?"

"नाही, आमच्या कॉलेजाला."

"कॉलेजान बकऱ्या हायत?"

कुमुद हसत खाली बसली. मग तिने एक पान तोडून हिराबायला चंदेरी रेघ दाखवली. म्हातारीने पान उन्हाकडे धरलं, डोळे बारीक केले.

"हाय की. हलतं हाय आत." पान परत देत ती म्हणाली, "येवढी वर्सां हितं आलं, कंदी पायलं न्हाय."

तिच्याकडून आम्ही टोपलीभर निवट्या घेतल्या. संध्याकाळी कुमुदने चिंच आणि लसणीची फोडणी देऊन कालवण केलं. मी दोनदा भात घेतला. चालणारा मासा चवीला फार चांगला लागतो, एवढं सातारकरांसाठी लिहून ठेवतो.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. परतीच्या बसची वाट बघत आम्ही उभे होतो, पानांचं गाठोडं तिच्या पायाशी. ती म्हणाली, "मे महिन्यात येते साताऱ्याला. मेघनाला पण आणते. तिला शाळेत सांगून झालंय, आईचं नाव कॉलेजात आहे म्हणून. एकदा डोळ्यांनी बघू दे."

मेघना तिची मुलगी, तेव्हा नववीत. मी म्हणालो, ये की. आणि बस आली.

पुन्हा जेसल पार्क

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं स्वैपाकघरात जमिनीवर बसलो. मधे आईचा डबा. कुमुद एक पान पुसायची, मी उलटून ठेवायचो. ओलं फडकं पानावरून फिरायचं, देठाकडून टोकाकडे, आईसारखंच. मला वाटलं, हात कामात आहेत, मान खाली आहे, आता नाही बोललो तर मेमध्ये ही पेटीसमोर उभी राहील.

"कुमू, त्या चिठ्ठीवर तुझं नाव नाही."

ती पुसत राहिली. "मग?"

"माझं आहे. अकराही चिठ्ठ्यांवर. मीच लिहिलं."

"मला पत्र पाठवलंस, लिहिलं म्हणून."

"खोटं पाठवलं."

तिने ते पान पूर्ण पुसलं, दुसरं घेतलं. तेही पुसलं. मग म्हणाली, "नऊ वर्षं?"

"हो."

"मी बिल्डिंगीत पेढे वाटले होते, दादा. तुझं पत्र आलं त्या दिवशी." तिचा आवाज चढला नाही. "विलासरावांच्या घरी मला अडाणी म्हणायचे. त्यांना मी ते सांगून गप्प केलं होतं. माझं सगळं त्या चिठ्ठीवर उभं होतं."

माफ कर, असं मी म्हणालो असेन. नक्की आठवत नाही. ती उठून गेली, आणि तिची राहिलेली पानं मी पुसली.

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पण जेवायला वाढणं चुकलं नाही. मी समोर बसलेला असताना ती दारातून शेजारी हाक मारायची, "जिग्नाबेन, जरा यांना पूछो, चाय लेंगे क्या?" आणि जिग्नाबेन गोंधळून माझ्याकडे बघायची, "भाई, चाय?" मी मान हलवायचो. विलासरावाने सकाळी एकदा मला गॅलरीत गाठलं. "काय केलंत हो? मला सोळा वर्षांत तिने कधी असं नाही वागवलं. तसं वागवलं असतं तर मी सुधारलो असतो."

पानं मात्र ती रोज पुसत होती. मी उठायच्या आत डबा उघडलेला असायचा. तिच्या रागाने त्या अळ्यांचं काही बिघडलं नाही, हे मी आजही अभिमानाने सांगतो. आमच्या विभागात रागाच्या भरात सुकू दिलेल्या कुंड्या मी पाहिल्यात.

सहाव्या दिवशी सकाळी तिने हाक मारली. "दादा."

बरणीच्या काचेला आतून एक कणी चिकटली होती. मी भिंग तिच्या हातात दिलं. नऊ वर्षांपूर्वी मी तिला ते दिलं नव्हतं, घाईत होतो. तिने डोळ्याला लावलं, श्वास धरला. पतंग पुढच्या पायांवर उभा राहून डोकं वर करून बसला होता, चांदीचा. लांब मिशा हलत होत्या.

"एवढा सुंदर होता हा?" ती म्हणाली. "आणि तू मला नुसताच ठिपका दाखवलास."

दुपारपर्यंत आणखी सहा निघाले. तिने सांगितलं, "एक दादाचा, एक खाडीचा. ते तसंच. पण पाखरं न्यायच्या आधी तू जिग्नाबेनला सांगायचं. मी जे नऊ वर्षं सांगितलं ते कोणी खोटं पाडलं, ते तू तुझ्या तोंडाने सांग."

सांगितलं. शेजारच्या घरात, झोपाळ्यावर बसलेल्या जिग्नाबेनसमोर, माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत. "वो पतंग कुमुद ने पाला था. मैंने नाम मेरा लिखा. उसको बोला, तेरा लिखा है."

जिग्नाबेन म्हणाली, "एमां शुं, इसमें क्या, भाई-बहन में क्या तेरा-मेरा."

"नाही," दारातून कुमुद म्हणाली, "नीट ऐकून घ्या. दादाला पुन्हा सांगू दे."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी जिग्नाबेनने झोपाळा थांबवला. म्हणाली, "बोलने में इतने साल लगाया, भाई?" मग आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली. आयुष्यात मी बऱ्याच परीक्षा नापास झालो, पण ती एक पास झालो असं मला वाटतं.

निघताना डबा कुमुदने माझ्या मांडीवर ठेवला, उरलेल्या कोषांसह. आईचा डबा. "वाटेत पुसत जा," म्हणाली. काशीमीऱ्याला बसमध्ये बसल्यावर मी पहिल्यांदा तो उघडला. शेजारच्या प्रवाशाला वाटलं मी पान खाणार. त्याने कात आहे का विचारलं.

सातारा

मॅडमना मी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं. त्यांनी टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या. मग नव्या पतंगांची चिठ्ठी लिहायला सांगितली. पाळणारी, कुमुद. माझं नाव कुठे नाही, आणि ते नसल्याचं मला इतकं बरं वाटलं की मी चिठ्ठी दोनदा वाचली.

मग मी जुनी पेटी काढली. अकरा चिठ्ठ्या उपटून फेकणार होतो, चिमटा हातात होता. मॅडमनी हात धरला. "कदमकाका, तुम्हाला माहीत आहे. लावलेली चिठ्ठी काढायची नसते. खाली दुसरी लावायची."

मला माहीत होतं. वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांना तेच सांगत आलो होतो. चूक असली तरी ती टाचणीवर राहते, तिच्याखाली दुरुस्ती. मी खाली अकरा चिठ्ठ्या लिहिल्या. "वरील नाव चुकीचे. पाळणारी कुमुद, भाईंदर. चूक कदम यांची." म्हणजे मी त्या पेटीत दोनदा आहे, एकदा खोटा आणि एकदा खरा.

मे महिन्यात ती आली. मेघना आली, विलासरावही आला. विभागातले सगळे जमले, कारण मी सगळ्यांना बोलावलं होतं. मॅडमनी तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि त्या स्वतः उभ्या राहिल्या. पानाच्या डब्याची रीत त्यांनी कुमुदकडून पुन्हा नीट ऐकून वहीत उतरवून घेतली. पुसायचं देठाकडून टोकाकडे, हे ती दोनदा म्हणाली. त्या वहीत आता वर तिचं नाव आहे. दरवर्षी नव्या मुलांना मी ती रीत दाखवतो, आणि कोणाची आहे तेही सांगतो, कोणी न विचारता.

शेवटी मी तिच्यासमोर जुनी पेटी ठेवली. तिने भिंग मागितलं. टाचणीवरची वरची चिठ्ठी वाचली, मग मान तिरकी करून खालची वाचली. मेघना आईच्या खांद्यावरून बघत होती.

कुमुदने भिंग खाली ठेवलं.

"वरच्या चिठ्ठीत तुझं अक्षर फार छान आलंय, दादा," ती म्हणाली. "खालच्या चिठ्ठीत ओळी वाकड्या गेल्यात." आणि मेघनाला म्हणाली, "खालची वाच तू. मोठ्याने वाच."